माळ्यावरचा एस्टीमचा माल: वहीत किती धरायचा, आणि त्यातलं टर्बोच्या इंजिनात काय चालेल?

शाहूपुरीचा_पार्टवाला (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण माल एकच आहे म्हणून एकत्रच विचारतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

शाहूपुरीत १९९७ पासून माझं मारुतीच्या स्पेअरचं दुकान आहे. मालकी एकट्याची, जीएसटी माझ्याच नावावर. दुकानाला लाकडी माळा आहे. वीस-बावीस वर्षांत जो माल काउंटरवरून हलेनासा झाला, तो मी वर चढवत गेलो. आठशे, जुनी झेन, एस्टीम, जिप्सी. प्रत्येक खोकं वर ठेवताना मनात एकच असायचं: हा पार्ट एक दिवस यायचा बंद होईल आणि कुणीतरी नेमका हाच शोधत येईल. येतातही. गेल्या दिवाळीत निपाणीहून एक जण झेनच्या हेडलाइटची जोडी शोधत आला. मी शिडी लावून वरून ती काढून दिली, तेव्हा त्याने अगोदर खोक्यालाच हात जोडले.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात छातीपर्यंत पाणी होतं. खालचा सगळा माल गेला आणि २०१४ च्या आधीची खरेदीची बिलंही गेली. माळ्यावरचं एकही खोकं भिजलं नाही. तेव्हापासून या मालात माझा जीव जरा जास्तच अडकलाय.

आता हिशेबाचं. वहीत हा माल अजून खरेदीच्या भावाने आहे, ६,३८,००० रुपये. दर ३१ मार्चला तीच यादी पुढे ओढायची, असं चाललंय. यंदा आमच्या सीए बदलल्या. तरुण मुलगी आहे, पण कामाला पक्की. तिने यादी परत पाठवली. म्हणाली, "काका, ही यादी कित्येक वर्षांत एका रुपयानेही हललेली नाही. स्वतः वर चढा, एकेक खोकं उघडून बघा आणि मग भाव लिहा." शेजारचे दुकानदार म्हणतात निम्म्या भावाने धर. एक जण म्हणतो सरळ शून्य कर, टॅक्स वाचेल. मला दोन्ही पटत नाही. शून्य कसं म्हणू? माल चांगला आहे, पॅकबंद आहे. बँकेला कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, दर महिन्याला जी स्टॉकची यादी देतो तिच्यातही हाच आकडा आहे, ही आणखी एक काळजी.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. माझी स्वतःची २००१ ची एस्टीम आहे, १.३ लिटर, सोळा वॉल्वची, एमपीएफआय. दोन लाख चौदा हजार किलोमीटर झालेत. इंजिन उतरवून बाकावर घेतलंय. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, त्याला आणि मला मिळून या इंजिनाला टर्बो बसवायचाय, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. त्याने १.३ लिटर डिझेल गाडीतला छोटा टर्बो जुन्या बाजारातून आणलाय, शाफ्टला खेळ नाही. फार हाव नाही, अर्धा बार दाब मिळाला तरी पुष्कळ.

माळ्यावर या इंजिनाचं बरंच आहे: ०.५० ओव्हरसाइज पिस्टनचा पूर्ण सेट, त्याच मापाच्या रिंगा, मेन आणि बिगेंड बेअरिंगचे सेट, वॉल्व, हेड गॅस्केट, वॉल्व सील, टायमिंग बेल्ट तीन, ऑइल पंप एक. सगळं कंपनीच्या खोक्यात. यातलं टर्बोच्या इंजिनाला काय चालेल? आणि दुकानातला माल मी माझ्याच गाडीला वापरला तर तो वहीतून कसा कमी करायचा? आजवर असा प्रसंग आला नाही. घरच्या गाडीलाही मी बिल फाडूनच पार्ट घातलाय.

खतावणी (इचलकरंजी)

दादा, तुमच्या सीए बरोबर सांगतायत. मी पंचवीस वर्षं व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. निम्मा भाव किंवा सरसकट शून्य, दोन्ही चुकीचं, कारण दोन्हींत माल न बघताच आकडा लिहिला जातो.

लेखा मानक २ चा नियम साधा आहे. खरेदीची किंमत आणि तो माल विकून हातात खरोखर किती येईल ती रक्कम, या दोन्हींत जी कमी ती धरायची. हातात येणारी रक्कम म्हणजे नेहमीच्या धंद्यात मिळणारा भाव, त्यातून विकण्याचा खर्च वजा, जीएसटी बाजूला ठेवून. टॅक्स ऑडिट होत असेल तर आयकराचं आयसीडीएस-२ (मालाच्या मूल्यांकनाचं मानक) लागू होतं, तिथेही हेच तत्त्व आहे. तुलना मात्र एकेका वस्तूची करायची, सगळ्या माळ्याची मिळून नाही. तुमची मेख इथेच आहे. झेनची हेडलाइट जोडी खरेदीच्या दुप्पट भावाने जात असेल, तरी ती वहीत खरेदीच्याच भावाने राहणार. तिचा न झालेला नफा घेऊन कुजलेल्या बेल्टचा तोटा झाकता येत नाही. एकत्र बेरीज केली की नेमकं हेच होतं आणि यादी वर्षानुवर्षं हलत नाही.

आमच्याकडे आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. शाळेत, सरकारी कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर असतं, म्हणजे जडवस्तूंची नोंदवही. त्यात टेबल, खुर्च्या, कपाटं. व्यापारी तोच शब्द पडून राहिलेल्या मालाला वापरतो आणि मग त्याच्या मनात हा माल कपाटासारखा कायमचा होऊन बसतो. तो तसा नाही. तो विकण्यासाठी घेतलेला माल आहे आणि विकण्याच्याच नजरेने बघायचा.

भावाचा पुरावा काय ठेवाल? गेल्या दोन-तीन वर्षांत त्या वस्तूची विक्री झाली असेल तर तिचं बिल. एप्रिल-मे मध्ये झालेली विक्रीही ३१ मार्चच्या भावाला आधार म्हणून चालते. विक्रीच नसेल तर एखाद्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून लेखी भाव घ्या. यादीत प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा: "रबर कडक", "गंज", "मागणी नाही, शेवटची विक्री २०१८". उद्या अधिकाऱ्याने विचारलं तर ते एक वाक्य तुमच्या बाजूने उभं राहतं.

खरेदीची बिलं पुरात गेली म्हणालात. खोक्यांवर खरेदीचा कोड लिहिलाय का? जुने दुकानदार दहा वेगवेगळी अक्षरं घेऊन आकडे लिहायचे. तसं असेल तर त्या कोडची फोड एका कागदावर लिहून सही करून यादीला जोडा. शून्यापेक्षा तो आधार कितीतरी चांगला.

जीएसटीत नीट लक्ष द्या. वस्तू माळ्यावरच आहे, फक्त भाव खाली आणला, तर माल निकालात काढला असं होत नाही. पण वहीतून पूर्ण काढून टाकली किंवा फेकून दिली तर कलम १७(५)(एच) लागू होतं आणि तिच्यावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. म्हणून कुजलेलं रबर फेकू नका. भंगाराच्या बिलावर विका, पाचशे रुपये आले तरी. ती विक्री झाली, तिच्यावर तुम्ही कर भरला, क्रेडिट परत करायचा विषय उरला नाही. १ जुलै २०१७ च्या आधीचा माल यादीत वेगळा काढा. त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलंच नसेल तर परत काय करणार?

बँकेच्या यादीत पडून असलेला माल चालू मालात दाखवू नका. बहुतेक बँका ठरावीक दिवसांपेक्षा जुना माल कर्जाच्या मर्यादेसाठी धरतच नाहीत. पुढच्या महिन्याची यादी नव्या भावाने आणि जुना माल वेगळा दाखवून द्या. शाखेत स्वतः जाऊन सांगा. स्टॉक ऑडिट करणाऱ्याने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

नाशिकचा_बोअरिंगवाला

सातपूरला माझं बोअरिंग-होनिंगचं दुकान आहे, ३४ वर्षं झाली. खतावणीसाहेबांनी वहीचं सांगितलं, मी इंजिनाचं सांगतो. दोन्हीकडे बघायचं तेच आहे. खोकं पॅकबंद आहे म्हणजे आतला माल नवा आहे असं धरू नका.

रबर पहिलं बाहेर काढा. वॉल्व सील, ऑइल सील, ओ-रिंगा, टायमिंग बेल्ट. वीस वर्षांचा बेल्ट बोटावर उलटा वाकवून बघा, दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतील. नाही दिसल्या तरी घालू नका. टर्बोचं इंजिन असो, साधं असो, माझ्या दुकानातून जुना बेल्ट घालून एकही इंजिन गेलेलं नाही. तीनही बेल्ट तुमच्या यादीत भंगाराच्या भावाने जातात, माझ्याही यादीत तिथेच.

धातूचा माल वेगळा. पिस्टन तेलकट कागदात असतील, गंज नसेल तर वय हा मुद्दाच नाही. चारही तराजूवर घाला, दोन-तीन ग्रॅमच्या आत असले पाहिजेत. मायक्रोमीटरने स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, मोजा आणि बोअरिंगवाल्याकडे जाल तेव्हा ब्लॉकसोबत पिस्टन द्या. खोक्यावर ०.५० लिहिलंय म्हणून बोअर ७४.५० करून आणू नका. हातातला पिस्टन मोजून त्याला क्लिअरन्स, म्हणजे मधली मोकळी जागा, ठेवून बोअर करायचा असतो. तुमचा मूळ बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. टर्बोला क्लिअरन्स साध्यापेक्षा किंचित मोकळा ठेवतात, कारण पिस्टनचं डोकं जास्त तापतं. हे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत. अर्ध्या बारला ओतीव पिस्टन टिकतो, पण नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून ठोके बसले, तर तो सांगून फुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिंगांचा गॅप. साध्या इंजिनात अंदाज असा की बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ०.००४ मिलिमीटर. म्हणजे ७४.५ ला ०.३० च्या आसपास. टर्बोला ०.००५५ धरा, म्हणजे ०.४१. रिंग बोअरमध्ये सरळ ढकला, पिस्टन उलटा करून त्यानेच दाबा म्हणजे तिरकी बसणार नाही, मग फिलर गेज घाला. कमी असेल तर बारीक कानसेने एकाच टोकाला, बाहेरून आत असं घासा आणि कड मोडा. मुलाला हे काम द्या, पण दर चार घासांनंतर मोजायला लावा. का ते सांगतो. दाबाखाली रिंग तापून लांबते. गॅप कमी असेल तर दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची खाचच फोडते. फुटलेले असे पिस्टन मी खिडकीत मांडून ठेवलेत. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा शब्द वाया घालवावे लागत नाहीत.

बेअरिंग काळपटली असतील तर लगेच टाकू नका. मऊ कापडाने पुसा. नखाने खरवडलं तर थर सुटतो का बघा. सुटला तर बाद. चांगली असतील तर प्लॅस्टीगेज (दबून जागा दाखवणारी मऊ प्लास्टिकची तार) घालून टॉर्क पान्याने आवळून क्लिअरन्स मोजा. क्रँकचं पॉलिश करून घ्या, कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम करणारे जुने हात आहेत, नाशिकपर्यंत यायची गरज नाही.

हेड गॅस्केट जुनं घालायचं नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरचा फिलर जातो का बघा, जात असेल तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं. हेडचे बोल्ट नवे. ऑइल पंप उघडा, गिअरच्या तोंडावर गंजाचे ठिपके असतील तर तो पंप बाद. टर्बो तेलावर जगतो, तिथे दोनशे रुपये वाचवू नका.

एक गोष्ट कुणीतरी नक्की सांगेल, म्हणून मीच आधी सांगतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते, कमी करायला दोन गॅस्केट एकावर एक घालतात. घालू नका. समजा तुमचं साडेनऊला एक निघालं. त्याचं साडेआठ करायला प्रत्येक सिलिंडरमागे सव्वापाच सीसी जागा लागते, म्हणजे हेड सव्वा मिलिमीटर वर उचलावं लागतं. तेवढं उचललं की पिस्टन वर येताना कडेची हवा जोराने मध्ये ढकलली जायची ती जात नाही, मिश्रण नीट ढवळत नाही, आणि ज्या नॉकिंगसाठी हे केलं तेच वाढतं. कॉम्प्रेशन आहे ते राहू द्या, दाब मर्यादेत ठेवा.

शाहूपुरीचा_पार्टवाला

दोघांनाही मनापासून धन्यवाद. कोडचं तुम्ही बरोबर ओळखलंत, खतावणीसाहेब. माझ्या वडिलांनी ठरवून दिलेली दहा अक्षरं आहेत, आजही बायकोशिवाय कुणाला माहीत नाहीत. काल रात्री साडेअकरापर्यंत मी आणि मुलगा वर होतो. पहिलं खोकं बेल्टचं काढलं. उलटा वाकवला आणि भेग दिसली. सीलचं पाकीट उघडलं, सील बोटात दाबलं तर प्लास्टिकच्या बांगडीसारखं कडक. मी हे इतकी वर्षं "पॅकबंद माल" म्हणून सांभाळत होतो, आणि कुणी मागितलं असतं तर विकलंही असतं. या विचाराने झोप लागली नाही.

एक राहिलं. डिझेलचा टर्बो पेट्रोलला चालेल का, आणि पेट्रोल, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) वगैरे कसं करायचं?

चाकण_टेस्टबेड

काका, मी चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, टर्बो पेट्रोल इंजिनं दिवसभर चाचणीच्या बेडवर चालवते. तुमच्या प्रश्नाआधी एक सांगते, कारण ते कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ माहितीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२अ(४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचाही प्रश्न येतो. ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकचीच ठेवणार असाल तर ट्रेलरवरून न्या. तळेगावजवळ नानोलीला ट्रॅक झालाय, कोइंबतूरचा कारी तर जुनाच. गंगावेशीतून चक्कर मारायचा मोह आवरा.

डिझेलचा टर्बो. डिझेलच्या धुराचं तापमान पेट्रोलपेक्षा कमी असतं. पेट्रोलमध्ये पूर्ण भारावर ९५० अंशांच्या आसपास सहज जातं, आणि डिझेलच्या टर्बाइनचं घर त्या उष्णतेसाठी बनवलेलं नसतं. शिवाय ते लहान असतं. खालच्या फेऱ्यांवर दाब लवकर येईल, छान वाटेल. पण साडेपाच हजारांच्या वर धूर बाहेर पडायला जागा पुरत नाही, गरम वायू सिलिंडरमध्येच मागे राहतो आणि नॉकिंग सुरू होतं. बसवणारच असाल तर धुराचं तापमान दाखवणारं गेज लावा आणि फेऱ्यांची मर्यादा खाली आणा. माझं मत विचाराल तर लहान पेट्रोल गाडीतला टर्बो शोधा.

अर्धा बार म्हणजे किती, ते आकड्यात सांगते, कारण अर्धा म्हटलं की थोडंच वाटतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या जवळपास. त्यात अर्धा मिळवला की १.४५, म्हणजे हवा दीडपट दाबली जाते. ३५ अंशांच्या दुपारी ही हवा छोट्या टर्बोतून बाहेर येते तेव्हा ९५ अंशांच्या आसपास असते. अशी हवा थेट इंजिनात घातली तर नॉकिंग ठरलेलंच. इंटरकूलर, म्हणजे ही हवा गार करणारी जाळी, हवाच. नंबरप्लेटच्या मागे, वारा थेट लागेल असा. ती ५५-६० अंशांवर आली तरी या इंजिनातून ११० अश्वशक्तीच्या आसपास मिळेल, मूळचे ८५. त्यावर क्लच आणि ब्रेक आधी बघा.

इंधन: तुमचे मूळ इंजेक्टर एवढ्याला पुरतील असं धरू नका. हिशेब करून प्रत्येकी मिनिटाला २४०-२५० सीसीचे घ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुनं ईसीएम आणि जुने आकडे घेऊन बसलात तर मिश्रण पातळ होईल आणि तेही नेमकं भाराखाली. २००१ च्या रबरी इंधन नळ्याही बदला, इथेनॉल त्यांना खातं. हो, माळ्यावरच्या नळ्या नकोत. ट्रॅकवर १०० ऑक्टेन वापरा.

इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो, त्याच्यावर त्याला काहीच दिसत नाही. अडीच किंवा तीन बारचा सेन्सर, प्रोग्रॅम करता येणारं ईसीएम, वाइडबँड लॅम्डा (धुरावरून मिश्रण मोजणारा सेन्सर) आणि नॉक ऐकायला मायक्रोफोन. पैसे इथे खर्च करा. भाराखाली मिश्रण घट्ट ठेवा, ठिणगीची वेळ मागे घ्या, मग थोडी थोडी पुढे आणा. प्लग एक नंबर थंड घ्या, एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड. गॅप ०.७ च्या आसपास.

बोअरिंगवाल्या काकांनी तेलाचं सांगितलंच. त्यात एक भर घालते: टर्बोतून परत येणारी तेलाची नळी. आतून निदान सोळा मिलिमीटर, कुठेही वर न चढता उतरत जाणारी, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी. तेल पंपाने आत जातं, पण बाहेर नुसतं वजनाने उतरतं. ते तुंबलं की सीलमधून गळतं, निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो बदलतात. क्रँककेसच्या श्वासाच्या नळीत एकतर्फी वॉल्व घाला, नाहीतर दाब उलटा इंजिनात शिरतो. बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवायची सवय मुलाला लावा.

खतावणी (इचलकरंजी)

दादा, एक राहिलं होतं तुमचं, स्वतःच्या गाडीला घेतलेला माल. तो विक्री नाही. तुमच्या नावावर उचल (मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेलं) टाका, वहीतल्या किमतीने. यावर मुंबईचे चांदी आणि शेअरचे व्यापारी किकाभाई प्रेमचंद यांचा खटला आहे, १९५३ चा, सुप्रीम कोर्टाचा. त्यांनी धंद्यातला माल बाजूला काढून ट्रस्टला दिला आणि वहीत खरेदीची किंमत धरली. खात्याचं म्हणणं होतं बाजारभाव धरा. कोर्टाने सांगितलं, माणूस स्वतःशीच व्यापार करून नफा कमवू शकत नाही. पुढे २०१८ च्या वित्त कायद्याने एक बदल झाला: धंद्याचा माल गुंतवणूक म्हणून ठेवला तर त्या दिवसाचा बाजारभाव उत्पन्नात धरतात. तुमचे पिस्टन गुंतवणूक नाहीत, घरच्या गाडीच्या पोटात जाणार आहेत. तरी एकदा सीएंना दाखवा.

जीएसटीत मात्र स्वतःच्या वापराच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही, कलम १७(५)(जी). त्या वस्तूवर घेतलं असेल तेवढं परत करा. आणि उचल ३१ मार्चच्या आधीच्या तारखेला, ज्या दिवशी माल खाली काढला त्याच दिवशी टाका. यादी झाल्यावर मागची तारीख घालू नका.

शाहूपुरीचा_पार्टवाला

अकरा रात्री लागल्या. ४१२ ओळींची यादी झाली. कोडची फोड वडिलांच्या अक्षरातल्या जुन्या वहीवरून उतरवली, खाली सही केली. ते गुपित माझ्याच हाताने कागदावर लिहिताना जरा जड गेलं.

आधी उचल. पिस्टन ३,८५०, रिंगा १,१२०, दोन्ही बेअरिंगचे सेट १,६४०, हे २०१३ चे, व्हॅटच्या काळातले. वॉल्व १,९०० चे, २०१९ मध्ये पुरानंतर घेतलेले, २८ टक्क्यांनी, म्हणून ५३२ रुपये क्रेडिट परत करतोय. एकूण उचल ८,५१०.

उरलेल्या मालाचं असं झालं. धातूचा माल २,३१,०००. बॉडी आणि लाइट १,२१,०००, इथे बऱ्याच वस्तूंना खरेदीपेक्षा जास्त भाव मिळतोय, पण साहेबांनी सांगितल्याप्रमाणे खरेदीच्याच भावाने ठेवल्या. इलेक्ट्रिकलचे ७०,००० होते ते ३४,००० वर आले. आणि रबर, जे वहीत १,४४,००० चं होतं, ते ९,०००. बेरीज ३,९५,०००. म्हणजे २,३४,४९० खाली. सीएंनी यादी बघितली, चार ठिकाणी कारण नीट लिहायला लावलं आणि ठेवून घेतली. बँकेत मी स्वतः गेलो होतो. मर्यादा कमी होईल, असं मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. दोन महिने खरेदी आखडून करावी लागेल, करू.

कडक झालेले सगळे बेल्ट आणि सील पोत्यात भरले. भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक बेल्ट मधून कापला, कुणी खोक्यात घालून पुन्हा विकायला नको.

बहिणीचं, म्हणजे चाकण_टेस्टबेडचं, ऐकून डिझेलचा टर्बो परत दिला. मुलगा दोन दिवस गप्प होता. मग त्याने स्वतःच कागदावर धुराचं तापमान आणि फेऱ्यांचा हिशेब मांडून मला दाखवला आणि म्हणाला, बरोबर आहे त्यांचं. पेट्रोलचा टर्बो मिळेपर्यंत इंजिन साध्यासारखंच जोडायचं, पण रिंगा आणि बाकी तयारी टर्बोची, असं आमचं ठरलंय.

माळ्यावरचा ऑइल पंप उघडला, गिअर आरशासारखा निघाला. बोअरिंगवाले काका, त्याचा फोटो टाकलाय, एकदा नजर टाका. चारही पिस्टन तराजूवर घातले, सगळ्यात जड आणि हलक्यात दीड ग्रॅमचा फरक. ब्लॉक सोमवारी उद्यमनगरात बोअरिंगला जातोय, पिस्टन सोबत देतोय.